सगळंच पिवळं दिसतंय: ड्रॉपलेट आणि मायटोकॉन्ड्रियाचा खोटा कॉन्टॅक्ट परत परत का येतो

पेशीतले चरबीचे थेंब, म्हणजे लिपिड ड्रॉपलेट, आणि पेशीची ऊर्जाघरं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, एकमेकांना खरंच टेकतात का हे मी मायक्रोस्कोपखाली बघते. आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं हेच आहे का ते कळेल. हेपजी२ सेल (माणसाच्या लिव्हरच्या कॅन्सरपासून वाढवलेले), रात्रभर ओलिक अ‍ॅसिड हे फॅटी अ‍ॅसिड दिलेलं, लिपिड ड्रॉपलेट बॉडिपी ४९३/५०३ या डायने हिरवे, मायटोकॉन्ड्रिया माइटोट्रॅकर या डायने लाल, आणि कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर दोन्ही चॅनेल एकावर एक टाकले की सगळं पिवळंधमक. ट्रीटमेंटवाली स्लाइड पिवळी, कंट्रोल पण पिवळी, उपाशी ठेवलेले सेल पिवळे आणि खाऊनपिऊन सुखी असलेले पण पिवळेच. कोलोकलायझेशनचा, म्हणजे दोन रंग एकाच जागी किती येतात त्याचा, आकडा असा भारी की गाइडला दाखवताना आपल्यालाच संकोच वाटावा. मग आपण काहीतरी एक बदलतो, काही दिवस चित्र बरं येतं, आणि महिन्या-दोन महिन्यांनी येरे माझ्या मागल्या.

माझ्याकडे हे दीड वर्षात चार वेळा झालं. आमच्या इमेजिंग रूममधले दादा तर मला बघितलं की म्हणायचे, "काय जी मॅडम, आजही हळदीचंच का?" चारही वेळा कारण वेगळं निघालं आणि हेच मला लवकर कळलं नाही, कारण चित्र चारही वेळा सेम होतं. ताप तोच, पण एकदा मलेरियाचा आणि एकदा टायफॉइडचा, तशातली गोष्ट. मागच्या वेळी ज्या गोळीने बरं वाटलं तीच परत घेत बसले म्हणून वेळ गेला.

कारणांकडे जायच्या आधी थोडं बेसिक, कारण ते डोक्यात नसेल तर पुढचं काही लागणार नाही. लिपिड ड्रॉपलेट म्हणजे पेशीतला नुसता तेलाचा थेंब नाही. आत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल एस्टर भरलेले, आणि बाहेरून फॉस्फोलिपिडचा एकच पदर, दोन नाही. बाकी मेम्ब्रेनवाल्या ऑर्गनेलना, म्हणजे पेशीतल्या अवयवांना, दुपदरी मेम्ब्रेन असते, याला एकेरी. त्याचा जन्म होतो इआरमध्ये, म्हणजे एन्डोप्लाझ्मिक रेटिक्युलम या पेशीतल्या मेम्ब्रेनच्या जाळ्यात, आणि तिथे दाराशी सेइपिन नावाचं प्रोटीन कडं करून बसलेलं असतं, माणसात ११ सारख्या तुकड्यांचं कडं, २०१८ मध्ये क्रायो-इएमने, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने, ते नीट दिसलं. हे सेइपिन बिघडलं की इआर आणि ड्रॉपलेटची जोडणी विस्कटते, कुठे बारीक बारीक ठिपके तर कुठे एखादा अवाढव्य गोळा असं काहीतरी होतं, आणि माणसात तेच जीन बिघडलं तर अंगावर चरबीच साठत नाही असा जन्मजात आजार होतो, बेरार्डिनेली-साइप म्हणतात त्याला.

आता एकच पदर असल्याची गंमत अशी की बाकी ऑर्गनेल एकमेकांना छोट्या पिशव्या पाठवून देवाणघेवाण करतात, तसं ड्रॉपलेटला सहज जमत नाही. त्यामुळे त्याला माल द्यायचा-घ्यायचा तर जवळ जाऊन टेकूनच बसावं लागतं. हे टेकणं म्हणजे कॉन्टॅक्ट साइट. मेम्ब्रेन एकमेकांत मिसळत नाहीत, मधे साधारण १० ते ३० नॅनोमीटरची फट राहते आणि त्या फटीत प्रोटीनचे दोर बांधलेले असतात, टेदर म्हणतो आपण त्यांना. हार्ट, मसल, ब्राउन फॅट अशा चरबी जाळणाऱ्या टिश्यूंमध्ये पेरिलिपिन-५ हा नेहमीचा दोर, एक टोक ड्रॉपलेटवर आणि शेपटी मायटोकॉन्ड्रियाकडे, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या बाजूला ती शेपटी एफएटीपी४ या प्रोटीनला धरते हे २०२३ मध्ये आलं. पेरॉक्सिझोमशी (चरबी मोडणारा आणखी एक ऑर्गनेल) बांधायला स्पास्टिनचं लांबवालं रूप आणि पलीकडून एबीसीडी१, ते २०१९ चं. व्हीपीएस१३ए आणि १३सी पण ड्रॉपलेटच्या कॉन्टॅक्टवर सापडतात, ते लिपिड वाहून नेणाऱ्या पन्हळीसारखे. यादी लांब आहे, इथे एवढी बस.

मुद्दा काय, तर फट १० ते ३० नॅनोमीटरची आणि आपलं कॉन्फोकल आडवं बघायला गेलं तर दोनशे-सव्वादोनशे नॅनोमीटरच्या खाली दोन गोष्टी वेगळ्या करू शकत नाही, उभ्या दिशेत तर पाचशे ते सातशे. म्हणजे कापड मोजायच्या मीटरने केसाची जाडी मोजायला बसलोय आपण. पिवळा रंग म्हणजे कॉन्टॅक्ट नाही, पिवळा रंग म्हणजे 'इथे कुठेतरी दोघं आहेत' एवढंच, आणि माझ्या केसमध्ये तर तेवढंही नव्हतं.

म्हणून सगळ्यात पहिली टेस्ट, हिला पाच मिनिटं लागतात आणि नवीन काही विकत आणायचं नाही. तुमच्याच जुन्या इमेजमधला एक मोठा ड्रॉपलेट शोधा, दीड-दोन मायक्रॉनचा तरी हवा. फिजी या इमेज सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या मधोमध एक सरळ रेघ ओढा, अशी की ती ड्रॉपलेटच्या या बाजूने त्या बाजूला जाईल, आणि दोन्ही चॅनेलचा प्लॉट प्रोफाइल, म्हणजे रेघेवर कुठे किती उजेड आहे त्याचा आलेख, काढा. हिरव्याचा डोंगर मधे येणारच. लालचा डोंगर कुठे येतो ते बघा. मायटोकॉन्ड्रिया ड्रॉपलेटच्या पोटात राहू शकत नाही, तिथे निव्वळ तेल आहे, त्यामुळे खरा शेजार असेल तर लाल रंग हिरव्याच्या एका किंवा दोन्ही खांद्यांवर दिसेल आणि मधे खड्डा. लालचा डोंगर हिरव्याच्या बरोब्बर डोक्यावर बसला असेल, उंची कमी पण आकार सेम टू सेम, तर ते मायटोकॉन्ड्रिया नाहीतच बाप्पा, ती हिरव्याचीच सावली आहे. मी ही रेघ पहिल्यांदा ओढली तेव्हा माझ्या मागच्या तीन महिन्यांच्या सगळ्या मोठ्या ड्रॉपलेटमध्ये लाल डोंगर मधोमध निघाला. पूर्ण फोल्डर गेलं. त्या दिवशी मी जेवले नाही, इथे नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डी बाजारात, जाऊन नुसती फिरून आले.

ही झाली पहिली वेळ, आणि कारण होतं डायचा लाल चॅनेलमध्ये सांडलेला उजेड. बॉडिपी ४९३/५०३ नावाप्रमाणे हिरवा आहे पण त्याची शेपटी लांब, आणि ड्रॉपलेटमध्ये तो इतका गच्च भरतो की हिरव्यातून थोडंसं सांडलं तरी लालमध्ये ते मायटोकॉन्ड्रियाइतकं चमकतं. त्यात माझा माइटोट्रॅकर रेड, त्याचं एमिशन, म्हणजे तो ज्या तरंगलांबीला उजळतो ती, ५९९ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे शेजारच्याच गल्लीत. शिवाय अजून एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, निळ्या लेझरचा जोरात मारा केला की हा बॉडिपी स्वतःच बदलतो आणि लालमध्ये उजळायला लागतो. जपानमधल्या एका गटाने २०१० मध्ये हा खड्डा दाखवून ठेवलाय, आपण चौदा-पंधरा वर्षांनी त्यातच पडतो. मी तर फोकस शोधायला निळा लेझर फुल ठेवून आरामात फिरत होते स्लाइडवर, मग लाल चॅनेल घ्यायचे. म्हणजे आधी स्वतःच रंगवायचं आणि मग रंग दिसला म्हणून खूश व्हायचं.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी दोन एक्स्ट्रा कव्हरस्लिप, एकीवर फक्त बॉडिपी, एकीवर फक्त माइटोट्रॅकर, आणि खऱ्या स्लाइडचे जे गेन (डिटेक्टरची संवेदनशीलता) आणि लेझरचे आकडे आहेत अगदी त्याच आकड्यांवर दोन्ही चॅनेल बघायचे. फक्त-बॉडिपीवाल्या स्लाइडवर लालमध्ये काही दिसलं तर तिथेच थांबायचं, पुढे जायचंच नाही. मग मी माइटोट्रॅकर डीप रेड घेतला, तो ६६५ च्या आसपास उजळतो म्हणजे मधे बरीच मोकळी जागा. चॅनेल एकामागून एक स्कॅन करायचे, एकदम नाही, आणि आधी लांबचा लाल, शेवटी निळा लेझर. फोकस पण लालवर शोधायचा. बॉडिपी कमी करायचा, माझ्याकडे एक मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली पण मस्त चालतं. ज्यांच्याकडे ४०५ चा लेझर आहे त्यांनी ड्रॉपलेटसाठी सरळ निळा डाय घ्यावा, एमडीएच म्हणजे मोनोडान्सिलपेन्टेन मिळतो, भांडणच मिटतं. नाइल रेड मात्र दोन रंगांच्या कामात नको, तो पिवळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरतो, घरात आलेल्या पाहुण्यासारखा.

दोन महिने सुखात गेले. मग गाइड मॅडम म्हणाल्या पेरिलिपिन-२ ची अँटिबॉडी पण लाव गं, लिव्हर सेलच्या ड्रॉपलेटवर मेन तेच असतं, म्हणजे कडा नीट दिसेल. मी दुसऱ्या प्रोजेक्टचा प्रोटोकॉल उचलला, थंड मिथेनॉलने फिक्स, म्हणजे पेशी आहे तशी थिजवायची, आणि नंतर ट्रायटन. परत पिवळं. मी परत डायच्याच मागे लागले, सिंगल स्टेन केलं, ते स्वच्छ आलं, तरी परत केलं, परत स्वच्छ. एक आठवडा गेला यात. शेवटी ट्रान्समिटेड लाइटमध्ये नुसतं साधं बघितलं तर ड्रॉपलेट जागेवरच नव्हते. म्हणजे होते, पण दहा बारक्यांचा मिळून एक वेडावाकडा डबका झालेला आणि तो आजूबाजूच्या सगळ्यावर पसरलेला.

तर्री पोह्याची प्लेट डोळ्यांसमोर आणा. तर्रीवर तेलाचे बारीक बारीक गोल तवंग तरंगत असतात, एकमेकांना टेकतात पण मिसळत नाहीत. चमच्याचं टोक लावून दोन गोल एकमेकांकडे ढकला, एका क्षणी टचकन एक होतात. पेशीतल्या ड्रॉपलेटवर तो एकेरी पदर आणि प्रोटीन असतात म्हणून ते एक होत नाहीत. मिथेनॉल, अ‍ॅसिटोन म्हणजे ऑरगॅनिक सॉल्व्हंट, ते हा पदरच धुवून नेतात, काही तेल पण सोबत नेतात. ट्रायटन थोडा सौम्य वाटतो पण तोही डिटर्जंटच, भांडी घासायच्या साबणाचा भाऊ, तो ड्रॉपलेटवरची प्रोटीन उचकटतो. फॉर्मल्डिहाइड प्रोटीनला जागेवर खिळवतं, तेलाला नाही, त्यामुळे फिक्स झालं म्हणजे सगळं थिजलं असं समजू नका, तेल आतून अजून द्रवच आहे. ऑइल रेड ओ वापरणाऱ्यांनी तर जास्तच जपावं, त्यात आयसोप्रोपेनॉल असतं आणि त्याने शेजारशेजारचे ड्रॉपलेट एकमेकांत जातात, हे पण नोंदवलेलं आहे. त्या स्लाइडवरून ड्रॉपलेटचा साइज मोजणारे लोक बघितले की मला आता कसंतरी होतं.

आता मी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, मग परमिअबिलाइझ करायला, म्हणजे अँटिबॉडी आत जावी म्हणून मेम्ब्रेनला भोकं पाडायला, ०.१ टक्का सॅपोनिन. सॅपोनिनची एक खोड आहे, त्याने पाडलेली भोकं तो काढला की बुजतात, म्हणून अँटिबॉडीच्या आणि वॉशच्या प्रत्येक बफरमध्ये तो टाकावा लागतो. मी एकदा विसरले तर अँटिबॉडी आत गेलीच नाही, ती वेगळी कथा. बॉडिपी सगळ्यात शेवटी. आणि स्लाइड त्याच दिवशी बघायची, शुक्रवारी माउंट करून सोमवारच्या स्लॉटला न्यायची नाही, शनिवार-रविवारात ड्रॉपलेट आपापसात काय संसार थाटतात ते आपल्याला माहीत नाही.

तिसरी वेळ जास्त डोकं खाणारी, कारण यात कुठलीच चूक नव्हती. सिंगल स्टेन स्वच्छ, फिक्सिंग बरोबर, मोठ्या ड्रॉपलेटमध्ये लाल खड्डा एकदम टेक्स्टबुक, आणि तरी कोलोकलायझेशनचा आकडा सगळ्या सॅम्पलमध्ये वर.

नागपूरच्या गड्डीगोदामचा चौक आठवा. खाली रस्ता, त्याच्या वर रेल्वे, त्याच्यावर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो. मोबाइलवर मॅप उघडला तर चारही एकाच ठिपक्यावर. मॅप बघून कोणी म्हणालं की इथे मेट्रो आणि मालगाडीचा कॉन्टॅक्ट आहे, तर आपण हसू. पण मॅक्सिमम प्रोजेक्शनवरून, म्हणजे वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या स्लाइस एकाच फोटोत दाबून, आम्ही तेच म्हणत होतो. हेपजी२ ची सवय अशी की ते पसरून वाढत नाहीत, एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करतात, त्यामुळे वरच्या सेलचा ड्रॉपलेट आणि खालच्या सेलचा मायटोकॉन्ड्रिया पण एकाच पिक्सेलमध्ये. त्यात मी ओलिक अ‍ॅसिड ४०० मायक्रोमोलर देत होते, रात्रभर. सेल ड्रॉपलेटने इतका ठासून भरला की मायटोकॉन्ड्रियाला उभं राहायला दुसरी जागाच नाही. शनिवारच्या सीताबर्डी बाजारात कोणाचा खांदा कोणाला लागला यावरून सोयरीक ठरवायची नसते.

यासाठी जी टेस्ट आहे तिने माझं सगळ्यात जास्त भलं केलं. सेलच्या आतला, न्यूक्लियस टाळून, एक चौकोनी तुकडा क्रॉप करा. कोलोकलायझेशनचा आकडा काढा, लिहून ठेवा. आता फक्त मायटोकॉन्ड्रियाचा चॅनेल ९० अंशात फिरवा, ड्रॉपलेट तसेच राहू द्या, आणि परत आकडा काढा. फिरवल्यावर त्या दोघांचा खरा संबंध तुटलेला आहे, आता जे पिवळं उरतं ते निव्वळ गर्दीमुळे. मी शनिवारी दुपारी लॅबच्या त्या जुन्या पीसीवर, ज्याच्यावर फिजी उघडेपर्यंत चहा होतो, हे करून बघितलं. आकडा खाली यायला पाहिजे होता. आला नाही. दोन्ही आकडे इतके जवळ की मला वाटलं चॅनेल फिरलाच नाही, म्हणून परत फिरवला, १८० वर नेला, तरी तेच. ज्युनियर शेजारी बसली होती, म्हणाली, "ताई, मग आपण इतके दिवस काय मोजत होतो?" मी म्हटलं गर्दी.

तुकडा चौकोनी आणि सेलच्या आतलाच घ्यायचा, पूर्ण सेल फिरवला तर सेलची बाहेरची काळी जागा ड्रॉपलेटवर येते आणि आकडा भलत्याच कारणाने पडतो, मग आपण विनाकारण खूश. न्यूक्लियसच्या अगदी जवळ दोन्ही ऑर्गनेल दाटून असतात, म्हणून तिथला तुकडा घेऊन फसू नका. मी प्रत्येक सेलमधून दोन-तीन तुकडे घेते आणि खऱ्यातून फिरवलेला वजा करून जे उरतं तेच रिपोर्ट करते. ओलिक अ‍ॅसिड १०० वर आणलं, वेळ कमी केली, सेल विरळ लावले आणि लावायच्या आधी ढीग नीट फोडून घ्यायला लागले, प्रोजेक्शन बंद, एकेक स्लाइस. तेव्हा कुठे उपाशी आणि जेवलेल्या सेलमध्ये पहिल्यांदा फरक दिसला. छोटासा, पण माझ्या बाजूचा.

ओलिक अ‍ॅसिडवरून आठवलं, जानेवारीत अजून एक प्रकार होतो, तो या चारात धरत नाही कारण तो लगेच ओळखू येतो. ओलिक अ‍ॅसिड साधारण १३-१४ डिग्रीला गोठतं. थंडीत आपल्याकडे खोबरेल तेलाची बाटली जशी उन्हात ठेवावी लागते तसंच. फ्रीजमधून काढलेला स्टॉक ३७ ला नीट गरम न करता बीएसएमध्ये (फॅटी अ‍ॅसिडला धरून ठेवणारं प्रोटीन) टाकला, किंवा बीएसए कमी पडला, तर ते गढूळ होतं आणि मोकळं तेल सेलच्या बाहेर जाऊन बसतं. बॉडिपी त्यालाही रंगवतो. बाहेरचे हे गोळे सेलच्या कडेच्या पलीकडे पण दिसतात, काचेवर सुद्धा, एवढ्यावरून पकडता येतात. द्रावण पारदर्शक झाल्याशिवाय द्यायचंच नाही.

चौथी वेळ शुद्ध नागपुरी. कल्चर एका बिल्डिंगमध्ये, इमेजिंग दुसऱ्या, मधे कॅम्पस. लाइव सेल बघायचे म्हणून मे महिन्यात दुपारी दोनचा स्लॉट घेतला, डिश थर्माकोलच्या डब्यात, डबा स्कूटीच्या पुढे. बाहेर ४५. पोचेपर्यंत सेल उकडून निघाले असणार, कारण स्टेजवर बघितलं तर मायटोकॉन्ड्रियाचे लांब धागे नाहीत, सगळे तुटून गोल गोल मणी, आणि गोल मणी ड्रॉपलेटच्या भोवती पडले की माळ घातल्यासारखं दिसतं. मी दोन दिवस त्याला कॉन्टॅक्ट वाढला म्हणत होते! सकाळी आठच्या आत नेलेल्या डिशमध्ये माळ नव्हती, तेव्हा ट्यूब पेटली. आता डबा आधी ३७ ला ठेवते, आत ३७ च्याच पाण्याच्या पिशव्या, नऊच्या आत पोचते आणि स्टेजवर अर्धा तास डिशला कोणी हात लावत नाही. उलटं पण होतं बरं का, एसी १८ वर असला आणि ऑइल लेन्सला हीटर नसेल तर लेन्सच डिशमधली उष्णता ओढून घेते, ३७ लिहिलेलं असतं पण सेलच्या ठिकाणी नसतं. थंड सेलमध्ये हालचाल मंदावते आणि नुसते शेजारी उभे असलेले दोघं बांधलेले वाटतात.

आणि लाइव का बघायचं, तर खरं उत्तर तिथेच मिळतं. स्थिर फोटोत टेकलेले दोघं बांधलेले आहेत की रस्त्यात भेटलेत, कळत नाही. व्हिडिओत कळतं. बांधलेले असतील तर ड्रॉपलेट सरकला की मायटोकॉन्ड्रियाचं ते टोक पण त्याच्या मागे ओढलं जातं, कधी कधी लांब ताणलं जातं पण सुटत नाही. नुसते वाटसरू असतील तर दोन-तीन फ्रेममध्ये आपापल्या वाटेने निघून जातात. २०१७ मध्ये एकाच जिवंत पेशीत सहा ऑर्गनेल एकदम बघितले गेले, इआर, गॉल्जी, लायसोझोम, पेरॉक्सिझोम, मायटोकॉन्ड्रिया आणि ड्रॉपलेट, आणि ही सगळी मंडळी सतत कोणाला ना कोणाला टेकत-सोडत असतात हे त्यात दिसतं. आपल्याकडे तेवढं मशीन नसलं तरी दोन रंग आणि पाच सेकंदाला एक फ्रेम एवढ्यावर पुष्कळ कळतं. पक्का पुरावाच हवा असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, किंवा दोन टेदर प्रोटीनवर प्रॉक्सिमिटी लायगेशन, म्हणजे अँटिबॉडीने जवळीक ओळखायची टेस्ट, ते ४० नॅनोमीटरच्या आतलं असेल तरच ठिपका देतं.

एक गोष्ट जी ट्रबलशूटिंग नाही पण त्यामुळे मी माझाच बरोबर आलेला डेटा चुकीचा समजून फेकणार होते. उपाशी ठेवलेल्या सेलमध्ये ड्रॉपलेट कमी व्हायला हवेत असं आपण गृहीत धरतो, चरबी जाळली जाणार ना. एचबीएसएस या अमिनो अ‍ॅसिड नसलेल्या क्षारांच्या द्रावणात काही तास ठेवल्यावर माझे ड्रॉपलेट वाढले. मी परत डाय, परत फिक्सिंग, सगळी गोळ्या-औषधं केली. पण ते खरंच होतं, अमिनो अ‍ॅसिड मिळेनासे झाले की ऑटोफॅजी सुरू होते, पेशी स्वतःच्या मेम्ब्रेन मोडून खाते, त्यातून सुटणारी फॅटी अ‍ॅसिड मोकळी फिरली तर मायटोकॉन्ड्रियालाच बाधतात, म्हणून डीगॅट१ नावाचं एन्झाइम ती नवीन ड्रॉपलेटमध्ये भरून ठेवतं. तसंच दुसरं, मायटोकॉन्ड्रिया टेकले म्हणजे चरबी जळतेय असं लगेच लिहू नका. ब्राउन फॅटमध्ये ड्रॉपलेटला चिकटलेले मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढून २०१८ मध्ये तपासले तर ते मोकळ्या मायटोकॉन्ड्रियापेक्षा चरबी कमी जाळणारे निघाले, उलट एटीपी बनवून ड्रॉपलेट मोठा करायला मदत करणारे. दुसरीकडे उपाशी फायब्रोब्लास्टमध्ये ड्रॉपलेटमधून मायटोकॉन्ड्रियात फॅटी अ‍ॅसिड जाताना २०१५ मध्ये दाखवलंय. म्हणजे टेकून बसलेला माणूस उधार घ्यायला आलाय की परत द्यायला, ते नुसतं टेकण्यावरून कळत नाही. त्यासाठी रंगवलेलं फॅटी अ‍ॅसिड, बॉडिपी सी१२ चं लालवालं, आधी ड्रॉपलेटमध्ये भरून मग ते कुठे जातं ते तासातासाला बघायचं.

तर आता पिवळं दिसलं की माझा क्रम असा. मोठ्या ड्रॉपलेटवर रेघ. खड्डा नसेल तर सिंगल स्टेन. खड्डा आहे पण ड्रॉपलेटचा आकार वेडावाकडा असेल तर फिक्सिंगची बाटली कोणती उचलली ते तपास, आमच्याकडे मिथेनॉल आणि पीबीएस एकाच रॅकवर, एकाच आकाराच्या बाटल्यांत होते हे सांगायला लाज वाटते. आकार गोल असेल तर तुकडा फिरवायचा. फिरवून आकडा पडला तरच आनंद, आणि लाइव असेल तर मायटोकॉन्ड्रियाचे धागे आहेत की मणी ते आधी. मधली पायरी गाळून सरळ तिसरीवर उडी मारली की फसते, मी दोनदा फसले.

मागच्या मंगळवारी सकाळी एक ड्रॉपलेट सापडला, साधारण मायक्रॉनभराचा, त्याच्या डाव्या खांद्यावर मायटोकॉन्ड्रियाचं टोक. ड्रॉपलेट उजवीकडे सरकत गेला आणि तो धागा मागे ताणत ताणत गेला, रबरासारखा. दादा पण खुर्ची ओढून बसले, म्हणाले, "हा नाही सोडत जी." सातव्या मिनिटाला लाईट गेली. यूपीएसवर लेझर नाहीये आमचा, फक्त पीसी आहे, त्यामुळे तेवढ्या चौऱ्याऐंशी फ्रेम सेव्ह झाल्या.